नमुनाच खोटा असेल तर?

काल पावसामुळे नौपाड्यात खाली उतरायची सोयच नव्हती, म्हणून बाबांबरोबर घरी बसून 'सेलिंग हिटलर' बघितली, हिटलरच्या खोट्या डायऱ्यांवरची १९९१ ची पाच भागांची ब्रिटिश मालिका. बाबा बँकेत होते, अर्धं आयुष्य चेकवरच्या सह्या ताडण्यात गेलंय त्यांचं.

ही गोष्ट खरी घडलीये. एप्रिल १९८३ मध्ये जर्मनीतल्या 'श्टेर्न' मासिकाने जाहीर केलं की डायऱ्या सापडल्या, साठेक वह्या, त्यासाठी ९३ लाख मार्क मोजलेले. आणल्या त्यांच्याच पत्रकाराने, हाइडेमानने, आणि लिहिल्या होत्या कोनराड कुजाऊने. पानं जुनी दिसावीत म्हणून हा चक्क त्यावर चहा ओतायचा!

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते ट्रेव्हर-रोपरचं. हिटलरच्या शेवटच्या दिवसांवर पुस्तक लिहिलेला एवढा मोठा इतिहासकार, आधी डायऱ्या खऱ्या आहेत म्हणून सांगून बसला आणि २५ एप्रिलला पत्रकार परिषदेत सगळ्यांसमोर त्याला शंका बोलून दाखवायला लागली. अॅलन बेनेटने ते काम फार जीव ओतून केलंय.

पण बाबा सरसावून बसले ते अक्षर तपासायचा विषय आला तेव्हा. तज्ज्ञांनी अक्षर जुळतंय म्हणून सांगितलं, बाबा लगेच म्हणाले, "अरे पण नमुना कुठून आणला?" आणि तिथेच तर सगळी गोम होती, ताडून बघायला दिलेल्या नमुन्यांतले काही कुजाऊनेच बनवलेले! बाबांनी मला मालिका थांबवायला लावली. म्हणाले, आमच्याकडे सहीचं कार्ड कपाटात कुलपात असायचं, पार्टीने सोबत आणलेल्या कागदाशी सही कधीच ताडायची नाही. मग पेन घेऊन पेपरच्या कडेला माझी सही करून दाखवली, हुबेहूब, आणि म्हणाले आता भिंगातून बघ, 'र' च्या वळणावर पेन थांबलंय, तू तिथे कधी थांबत नाहीस. खरंच तिथे शाईचा बारीक ठिपका होता.

शेवटी डायऱ्या पकडल्या गेल्या त्या कागदामुळे. युद्धानंतर वापरात आलेलं, कागद पांढरा करणारं रसायन त्यात निघालं आणि ६ मे ला जर्मन सरकारच्या अभिलेखागाराने त्या खोट्या असल्याचं जाहीर केलं, म्हणजे त्या पत्रकार परिषदेनंतर दोन आठवडेसुद्धा टिकल्या नाहीत. पुढे १९८५ मध्ये हाइडेमान आणि कुजाऊ दोघांनाही साडेचार वर्षांच्या आसपास शिक्षा झाली.

रात्री जेवताना बाबा पुन्हा तेच, "पण नमुना कुठून आला हे एकानेही कसं नाही विचारलं रे?"