‘हक्क’ नव्हे, जकात

संरक्षणवादी अर्थविचारावरच्या माझ्या संशोधनातला रानड्यांचा भाग लवकर लिहून झाला. 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख लिस्टचा आधार घेऊन बजावलं होतं, की इंग्लंडला मानवणारं अर्थशास्त्र हिंदुस्थानला जसंच्या तसं लागू होत नाही. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी तर 1877 मध्येच संरक्षक जकातीची, म्हणजे देशी उद्योग जपण्यासाठी आयात मालावर लावायच्या कराची, बाजू मांडली होती. हे सगळं छापील. अडले ते गोव्यापाशी.

1878 च्या करारानं गोवा ब्रिटिश हिंदुस्थानच्या जकात-संघात गेला, म्हणजे दोघांची आयात जकात एकच झाली. मिठागरांवर ब्रिटिशांचं नियंत्रण आलं आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला 4 लाख रुपये मिळू लागले. याचे मूळ कागद वाचायला मी पणजीच्या पुराभिलेखागारात बसू लागले. छापील पोर्तुगीज मला येत होतं, पण हस्ताक्षराची सवय नव्हती. मागच्या बाजूची शाई पुढे उमटलेली, शब्द अर्धेच लिहिलेले. चांगल्या दिवशी चार पानं व्हायची.

त्यात ‘दिरेइतुश’ हा शब्द सारखा यायचा. त्याचा अर्थ हक्क, म्हणून दोन महिने मी वहीत ‘हक्क’ लिहीत गेले. म्हापशाच्या एका निवृत्त शिक्षिकेला टिपणं दाखवली, तर त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. “अगं बाय, हा अल्फांदेगाचा, जकात कचेरीचा कागद ना? मग इथे हक्क कुठला? जकात म्हण.”

त्या रात्री झोप लागली नाही. सगळ्या वह्या पुन्हा पहिल्या पानापासून वाचल्या आणि प्रकरणाचा रोखच बदलला. 1882 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थाननं जवळपास सगळ्या आयात जकाती उठवल्या. संघात असलेल्या गोव्याच्या हाती स्वतःचं जकात धोरण उरलंच नव्हतं. जकात लावावी की नाही, या वादात रानडे, तेलंग उतरले होते. गोव्यात त्याआधीचा प्रश्न उभा होता: जकात ठरवायची कोणी?

एप्रिलमध्ये पेडण्याच्या आगरवाड्याला गेले. भर उन्हात एक आजोबा फळीनं मीठ हळूहळू बांधाकडे ओढत होते, तळचा चिखल वर येऊ नये म्हणून जपून. मुठीत घेतलं तर खडे ओलसर, किंचित करडे. “पाकिटातलं मीठ घरोघर पोचलं,” ते म्हणाले, “आमचं आता माडांना घालायला नेतात.” हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

करार 1892 च्या जानेवारीत संपला. रानड्यांचं व्याख्यानही त्याच वर्षीचं. प्रकरणाची सुरुवात आता मी या दोन घटनांपासून केली आहे.