केमोच्या २१ दिवसांत मनाचा हिशेब कसा ठेवला

स्तनाच्या कर्करोगासाठी माझी केमो झाली. पहिल्या चार सायकल, म्हणजे फेऱ्या, 'एसी'च्या (दोन औषधांची जोडी, त्यातलं एक लाल), दर २१ दिवसांनी. पुढे १२ आठवडे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचंच दुसरं औषध. पण चाळिशीच्या आतल्या बाईने पहिली सलाईन लागण्याआधीच विचारायला हवं: केमोने बीजकोशांना इजा होऊ शकते, मग पुढे मूल हवं असेल तर काय? बीजांडं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. रोज पोटात इंजेक्शन, आणि इस्ट्रोजेन फार चढू नये म्हणून जोडीला लेट्रोझोलची गोळी. मूल नकोच असलं तरी ते आपण ठरवलेलं असावं. न विचारल्याची रुखरुख उपचार संपले तरी जात नाही.

मी वहीत तारखेऐवजी सायकलचा दिवस लिहीत गेले. शेजारी झोपेचे तास आणि मनाच्या त्रासाचा आकडा: ० म्हणजे शांत, १० म्हणजे असह्य. दुसऱ्या सायकलपर्यंत उलगडा झाला. पहिले तीन दिवस झोप नाही, जीव अस्वस्थ, घरच्यांवर खेकसणं, हे डेक्सामेथासोनमुळे, म्हणजे केमोसोबत दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळीमुळे. ती गोळी थांबली की चौथ्या-पाचव्या दिवशी काही कारण नसताना रडू. आपण खचलो नाही, औषध उतरतंय, एवढं कळलं तरी केवढा आधार वाटतो! वही डॉक्टरांना दाखवली, तेव्हा त्यांनी संध्याकाळची गोळी दुपारी घ्यायला सांगितली. स्वतःच्या मनाने मात्र ती बंद करू नये. उलट्या तिच्यामुळेच आटोक्यात राहतात.

केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात. आधीच बारीक कापले तर उशीवर पुंजके बघावे लागत नाहीत. सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, भेटायला येणाऱ्यांना तेव्हा सरळ नको म्हणावं. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं.

बाराव्या दिवसापर्यंत आकडा खाली यायला हवा. दोन आठवडे तो ४ किंवा त्याच्या वरच राहिला, कशातच मन रमेना, तर ते औषध उतरणं नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं आणि टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची हार्मोनची गोळी) चालू असेल किंवा होणार असेल तर आधी सांगावं: नैराश्यावरच्या गोळ्यांपैकी पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन तिचं काम कमी करतात, व्हेन्लाफॅक्सिन सहसा चालतं. जगणं नकोसं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करावा, १४४१६. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.