अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतरचं खाणंपिणं

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की भेटायला येणारे विचारतात, "गाठ पूर्ण निघाली ना?" निघाली. पण घरी आल्यावर रोज गाठ पडते ती जेवणाशी. त्याबद्दल आधी फारसं कुणी बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं आधी केमो आणि रेडिएशन झालं, मग ऑपरेशन. अन्ननलिकेचा बराचसा भाग काढला, जठराची लांबट नळी करून ती वर ओढली आणि मानेपाशी जोडली. अन्न साठवायला पूर्वीची पिशवी उरलीच नाही. सुरुवातीला आतड्यात बसवलेल्या नळीतून फीड चालायचं. फीड संपलं की जाऊबाई न विसरता कोमट पाणी सोडायच्या, नाहीतर नळी चोंदते.

तोंडाने खायला परवानगी मिळाली तेव्हा भूकच लागेना. ऑपरेशनमध्ये जठराकडे जाणारी व्हेगस नर्व्ह कापली जाते, हे त्याचं एक कारण. मग घड्याळ बघून खायला लागले. दर दोन-अडीच तासांनी अर्धी वाटी: नाचणीचं सत्त्व, मुगाचं कढण, तूप घातलेली आसट खिचडी, उकडलेलं अंडं. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाने.

एका बारशाला आग्रहाखातर शिरा खाल्ला. थोड्याच वेळात दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ. आतल्या खोलीत आडवी झाले, हार्टचंच काहीतरी असं वाटलं. याला डम्पिंग म्हणतात, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. गोड पदार्थ भराभर आतड्यात उतरतो आणि तिथे पाणी ओढून घेतो. घरच्यांनो, "अजून एक घास" हा आग्रह मायेचा असतो हे कळतं, पण आमच्या पोटाला तो सोसत नाही.

रात्रीचं वेगळंच. जठराच्या तोंडाची झडप गेलेली असल्याने सपाट झोपलं की आंबट-कडू पाणी घशात येतं, ठसका लागतो. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या आणि रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकायला लागले, तेव्हा झोप लागली.

पुढे भाकरीचा तुकडा अडकायला लागला. आजार उलटला या भीतीने हातपाय गळाले. दुर्बिणीतून तपासल्यावर कळलं, जोड व्रणामुळे अरुंद झाला होता. फुगा घालून तो रुंद केला. अन्न अडकत असेल तर मनात कुढत बसू नका, लगेच दाखवा.

युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या संस्थेची अन्ननलिकेच्या रुग्णांसाठी १८ प्रश्नांची प्रश्नावली आहे. त्यात "इतरांसमोर जेवताना त्रास होतो का?" असा एक प्रश्न आहे. तो वाचून मला रडू आलं. लग्नाच्या पंगतीत ताटात सगळं तसंच टाकून उठताना काय वाटतं, हे कुणीतरी विचारात घेतलं होतं. प्रत्येक तपासणीत स्कॅनबरोबर हेही विचारलं जायला हवं. विचारलं नाही तर आपण सांगावं: वजन किती उतरलं, काय पचतं, रात्री किती वेळा उठावं लागतं. बी-१२ आणि लोह तपासायचं का, हेही विचारून घ्या. आणि आहारतज्ज्ञांची भेट घरी सोडण्याआधीच मागून घ्या, घरातलं जो स्वयंपाक करतो त्याला बरोबर बसवून.