रोबस्टाचा चीक आणि बादलीतलं यीस्ट

आमच्या कुळागरात सुपारीच्या सावलीला रोबस्टा कॉफी आहे. सावंतवाडी तालुक्यात कॉफी म्हटलं की लोक चकित होतात, पण मिरी आणि जायफळ जिथे पोसतं तिथे रोबस्टाचं झुडूपही सुखानं वाढतं. कॉफीची दुसरी जात अरेबिका, तिला डोंगराची थंडी लागते, तिचं इथे जमायचं नाही. आमची रोपं सासऱ्यांनी कोडगूहून आणलेली, सीएक्सआर नावाच्या संकरित जातीची. फुलोऱ्याच्या दिवसांत तिकडे एखादी सर पडून जाते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च कोरडे, म्हणून आम्ही तुषार सिंचनानं पाणी देतो. फूल ते पिकलं फळ, दहा-अकरा महिने.

रोबस्टा म्हणजे कडू, लाकडासारखी, चिकोरीत मिसळून खपवायची कॉफी, हे मला मान्य नाही. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं आणि साखर कमी, हे खरं. पण तिच्या नावावर खपणारी बरीचशी वाईट चव काढणीनंतरच्या हेळसांडीतून येते. हिरवी, पिकली, सुकलेली फळं एकत्र ओरबाडायची आणि खळ्यात पसरून द्यायची. मग चवीला काय राहणार?

आम्ही लालबुंद फळंच तोडतो. पाण्यात टाकून तरंगणारी काढून टाकतो, उरलेल्यांची साल सोलतो. आत दोन बिया, त्यांच्यावर कडक टरफल आणि त्याभोवती बुळबुळीत चीक. रोबस्टाचा चीक अरेबिकापेक्षा दाट आणि चिवट. तो पाण्यानं निघत नाही, आंबवूनच सोडवावा लागतो. चवीचा सगळा खेळ इथे आहे.

चिकात साखर असते. ती खायला हवेतले, सालीवरचे, बादलीच्या कडेचे सगळे जीव एकदम धावतात. थंड डोंगरात हे सावकाश चालतं, माणसाला वेळ मिळतो. आपल्याकडे दुपारी पारा तेहेतीसवर. अशा उकाड्यात शिरका करणारे जिवाणू कधी वरचढ होतील सांगता येत नाही आणि एकदा तो आंबूस वास बियांत मुरला की भाजूनही जात नाही. म्हणून मी यीस्ट घालते. आपण निवडलेला जीव पहिल्या तासापासून एवढ्या संख्येनं आत असला की साखर तो खातो, बाकीच्यांना फारसं उरत नाही. माझ्या लेखी कोकणात यीस्टचं पहिलं काम राखणदारीचं, सुगंधाचं त्यानंतर.

सुगंधही येतो हं. यीस्ट साखर खाताना नुसतं अल्कोहोल आणि वायू सोडत नाही, एस्टर म्हणजे फळांसारख्या वासाची रसायनं तयार करतं. पिकल्या केळ्याचा वास ज्या आयसोअमाइल अॅसिटेटमुळे येतो ते त्यातलंच एक. गुलाबाचा वास देणारं फिनाइलइथेनॉलही यीस्ट बनवतं. यातलं थोडं टरफलातून बीत झिरपतं. भट्टीत बरंचसं उडून जातं, तरी कपात फरक कळतो.

मी वाइन करणाऱ्यांसाठी मिळतं ते यीस्ट वापरते, किलोभर फळांमागे एक ग्रॅम. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं फुलवायचं, मग त्यात थोडा थोडा चीक मिसळून बादलीच्या तापमानाला आणायचं. काम संध्याकाळी सुरू करायचं, म्हणजे पहिली रात्र गारव्यात जाते. बादलीला घट्ट झाकण, झाकणातून एक नळी बाहेर पाण्याच्या बाटलीत. आतला वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. शिरक्याच्या जिवाणूंना हवा लागते, त्यांची कोंडी होते.

शेजारचे भाऊ दरवर्षी सांगतात, "वैनी, माडी ओता थोडी, रात्रीत आंबतला." त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. माडीत यीस्ट भरपूर असतं, गोव्यात सान्नां, म्हणजे तांदळाच्या इडल्या, त्यावरच फुगतात. एक बादली तशी लावून पाहिली. आंबण झटपट झालं, पण माडीत यीस्टबरोबर बाकीचं गणगोतही येतं आणि त्या कॉफीला मागून एक आंबट धार आली. भाऊंना तीच आवडली. मला नाही.

कधी थांबायचं हे मी हातानं ठरवते. आंबटपणा मोजणारी पीएच पट्टी असतेच, आकडा चारच्या खाली (म्हणजे जास्त आंबट) जाऊ देत नाही. पण खरी खूण तळहातावर मिळते. मूठभर बिया पाण्यात धुऊन चोळायच्या. चीक असेल तर त्या मासळीसारख्या निसटतात. सुटला असेल तर टरफल टरफलाला घासून करकर आवाज येतो, वाळूतले खडे चोळल्यासारखा. बादलीत काठी खुपसून काढली की भोक तसंच राहतं. मग एक मिनिटही थांबायचं नाही, तीन पाण्यांनी खळखळून धुवायचं.

आता आंब्याविषयी. हापूसचा रस बादलीत घाला, जगभर खपेल, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. 2015 साली सिएटलच्या जागतिक बरिस्ता (कॉफी बनवणाऱ्यांच्या) स्पर्धेत साशा शेस्टिच जिंकला, तो वाइनवाल्यांची कर्बवायूत आंबवण्याची रीत कॉफीला लावून. त्यानंतर आंबवण्याचे प्रयोग फोफावले आणि काही जण बादलीत फळंही घालू लागले. मी घालणार नाही. मला या मातीतल्या कॉफीची चव शोधायची आहे, आंब्याची मला ठाऊक आहे.

वाळवण उंच तट्ट्यांवर, पातळ थरात, रात्री झाकून. ओल अकरा-बारा टक्क्यांवर आली की उखळात हलक्या हातानं कांडून सुपात पाखडायचं. आमच्या भाजलेल्या घाण्यात गुळाचा वास आला तेव्हा सासरे दोन कप दुधाशिवाय प्यायले. साठवणीची घाई मात्र मेअखेरच करा. मंगळुरूकडे मुद्दाम पावसाळी वारा देऊन बिया फुगवतात, मान्सून्ड मलबार म्हणून विकतात. त्यात आंबटपणा जातो आणि फळांचा सुगंधही. आपण बादलीत कमावलेलं नेमकं तेच, तेव्हा मृग लागायच्या आत सगळं हवाबंद पिशव्यांत गेलेलं असू दे.