मॅडम, तुम्ही पलटी का मारलीत?

प्रश्न एकच असतो, सूर तेवढा बदलतो. ‘मॅडम, २०१०मध्ये तुम्ही म्हणत होतात की पृथ्वी तापण्यात माणसाचा हात आहे हे सिद्ध झालेलं नाही. आता म्हणता, माणूसच कारण. पलटी का मारलीत?’ कुणाच्या सुरात ‘किती मिळाले?’ असतं, कुणाच्या सुरात ‘आली का अक्कल ठिकाणावर?’ मला दुसरा सूर जास्त झोंबतो.

मिळालं काहीच नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. आणि त्या वेळच्या एका वादविवादाचा सात मिनिटांचा व्हिडिओ अजून मोबाइलवरून फिरतोय, त्यात बोलणारी मीच आहे, हेही नाकारत नाही.

तेव्हा मी अडाणी होते असं म्हणून सुटता आलं असतं. पण नव्हते. ते दिवस आठवा. नोव्हेंबर २००९मध्ये ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान शास्त्रज्ञांच्या ईमेल फुटल्या, त्यातल्या एकीत ‘उतार लपवण्या’ची भाषा होती. दोनच महिन्यांनी आयपीसीसीला, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीला, कबूल करावं लागलं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होऊ शकतात, या २००७च्या अहवालातल्या विधानाला नीट आधार नव्हता. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. एवढा मोठा आकडा न तपासता छापणाऱ्यांवर मी डोळे मिटून विश्वास का ठेवावा? हा प्रश्न मी आजही मागे घेतलेला नाही.

तर, तो वादविवाद. समोर माझाच जुना विद्यार्थी होता, वातावरणशास्त्रात संशोधन करणारा. तो चाळीस स्लाइड्स घेऊन आला होता. मी एकच आलेख नेला होता.

त्या आलेखाचं नीट सांगते, कारण जे काही आहे ते त्यातच आहे. आदल्या रात्री एक्सेलच्या फाइलमध्ये मी तीन शीट केल्या. आकडे तिन्हींत तेच, उपग्रहांनी मोजलेलं तापमान, फक्त सुरुवातीचं वर्ष वेगळं. १९७९पासून घेतलं, रेष चढती. १९९९पासून घेतलं, चढती. १९९८पासून घेतलं, जवळजवळ आडवी. १९९८ हे मोठ्या एल निनोचं वर्ष. प्रशांत महासागराने साठवलेली उष्णता हवेत ओतली आणि त्या वर्षाचा ठिपका बाकी सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसला. उंच ठिपक्यापासून रेष ओढली की ती आडवी पडणारच. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे काय, दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी वर्गात हेच सांगायचे: कुणी आलेख दाखवला की आधी विचारा, सुरुवात इथूनच का?

बाकीच्या दोन शीट मी डिलीट केल्या नाहीत. उजवं बटण दाबून ‘हाइड’वर क्लिक केलं.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर मी त्या ईमेलमधला ‘उतार’ तापमानाचा म्हणून सांगितला. तो होता झाडांच्या वलयांचा, ज्यांवरून जुन्या काळचं तापमान ताडतात. उत्तरेकडच्या काही झाडांची वलयं १९६०नंतर थर्मामीटरशी जुळेनाशी झाली होती, त्याबद्दलचं ते बोलणं होतं. हे मात्र मला खरंच माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची गरजही वाटली नव्हती.

मग त्याने विचारलं, ‘सूर्यामुळे तापत असेल, तर वातावरणाचा वरचा थरही तापायला हवा. मग स्थितांबर थंड का होतंय?’

मला उत्तर येत नव्हतं. मी म्हटलं, ‘वाहवा! खाली गरम झालं तरी तुमचं खरं आणि वर थंड झालं तरी तुमचंच खरं. असा सिद्धांत मलाही द्या की एखादा!’ सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. व्हिडिओ तिथेच संपतो, म्हणून पुढचं कुणी पाहिलेलं नाही. पुढे तो काही बोलायला गेला, थांबला, आणि मागे पडद्यावरच्या माझ्या आलेखाकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला दिसलं होतं. त्याने तिथल्या तिथे मला उघडं पाडायला हवं होतं, असं आज वाटतं. त्याने फक्त ‘धन्यवाद’ म्हटलं आणि खाली बसला.

नंतर पायऱ्यांपाशी तो लॅपटॉपची वायर गुंडाळत होता. मी जवळून गेले तेव्हा मान वर न करता म्हणाला, ‘मॅडम, सुरुवात इथूनच का?’

मी म्हटलं, ‘अरे, वादविवाद होता तो.’

इथे मी बदलले असते तर सांगायला सोपं होतं. नाही बदलले. त्यानंतर आणखी दोन ठिकाणी मी तोच आलेख दाखवला. दुसऱ्या वेळी तर १९९८ हा आकडा जरा बारीक टाइपात केला होता.

पण स्थितांबर डोक्यातून जाईना. त्याचा फडशा पाडायचा म्हणूनच वाचायला बसले. सूर्य जास्त तापला तर ऊन वरून येतं, सगळेच थर तापतात. कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालची उष्णता खालीच अडते, आणि वरच्या विरळ हवेत तोच वायू उष्णता अवकाशात फेकत राहतो, त्यामुळे वर गारठा. मानाबे आणि वेदराल्ड या हवामान शास्त्रज्ञांनी हे गणित १९६७मध्येच मांडलं होतं, उपग्रहांनी तापमान मोजायला लागण्याच्या आधी. (स्थितांबराच्या खालच्या भागातल्या गारठ्यात ओझोन घटण्याचाही वाटा आहे. हे इथेच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी मलाच पकडेल.) सूर्याचं तेज १९७८पासून उपग्रह मोजताहेत. ते अकरा वर्षांच्या चक्रात साधारण एक दशांश टक्का खालीवर होतं, पण वर चढत गेलेलं नाही.

मग कार्बन. हवेत वाढलेला कार्बन आपलाच कशावरून? कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. कोळसा कोट्यवधी वर्षांचा, त्यात तो उरलेलाच नसतो. त्यामुळे कोळशाचा धूर मिसळला की हवेतलं त्याचं प्रमाण पातळ होतं. हान्स सूस या रसायनशास्त्रज्ञाने १९५५मध्ये हे दाखवलं, तेही झाडांच्या वलयांतून. ज्या वलयांचा उतार मी तापमानाचा म्हणून खपवला होता, त्यातच पावती निघाली.

२०१२मध्ये रिचर्ड म्युलर या शंकेखोर भौतिकशास्त्रज्ञाने सगळे आकडे स्वतः पुन्हा मांडले आणि जाहीरपणे मत बदललं. मी मात्र तेव्हाही गप्प. वाचून माझं समाधान झालं होतं, अडत होतं ते पायऱ्यांवरच्या त्या प्रश्नापाशी. मत बदललं म्हणायचं तर ‘हाइड’चंही सांगावं लागणार होतं.

आता मनातली जुनी मी भांडायला येते. ‘अंटार्क्टिकातल्या व्होस्तोकच्या जुन्या बर्फात तर आधी तापमान वाढलेलं दिसतं, मग काही शतकांनी कार्बन डायऑक्साइड वायू वाढतो. त्याचं काय?’ खरं आहे, बाई. पण कोंबडीने अंडं घातलं म्हणून अंड्यातून कोंबडी निघायची थांबत नाही. तेव्हा पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलाने सुरुवात झाली, तापलेल्या समुद्राने वायू सोडला आणि वायूने आणखी तापवलं. या वेळी वायू आधी आला, जमिनीखालून, आपण उपसून काढलेला. १९५८मध्ये हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात झाली तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग होता, आता ४२०च्या पुढे आहे. ती म्हणते, ‘हे तू मोजलंस?’ नाही मोजलं. ‘म्हणजे विश्वासच ना?’ हो, विश्वासच. यावर ती जे हसते, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आणि म्हणून नव्या गोटातही मी नीट बसत नाही. ‘सत्त्याण्णव टक्के शास्त्रज्ञ म्हणतात’ हे ऐकलं की आजही मान उडते. डोकी मोजून भौतिकशास्त्र ठरत नाही. १९९९च्या जागतिक हवामान संघटनेच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर वलयांच्या रेषेला थर्मामीटरची रेष न सांगता जोडली होती. ईमेल प्रकरणाच्या चौकशीत शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणावर ठपका आला नाही, पण तो आलेख दिशाभूल करणारा ठरला. माझ्या शीटपेक्षा ते फार वेगळं होतं असं मला वाटत नाही. भांडायचंच असेल तर वायू दुप्पट झाल्यावर तापमान किती वाढेल यावर भांडा. १९७९मध्ये अंदाज दीड ते साडेचार अंशांचा होता, २०२१मध्ये अडीच ते चार. चाळीस वर्षांत एवढंच आवळता आलं. ढगांचं गणित दाद देत नाही.

गेल्या महिन्यात या नव्या गोटातल्या एका गटाने व्याख्यानाला बोलावलं. पोस्टरच्या मसुद्यात आलेख आहे: १९७६ ते २०२४. १९७६ थंड वर्ष, आणि २०२४ एल निनोच्या पाठोपाठ आलेलं, तोवरचं सगळ्यात उष्ण वर्ष. मी कळवलं, १८५०पासूनचा पूर्ण घ्या, तोही चढताच आहे. उत्तर आलं, ‘मॅडम, लोकांना एवढं कळत नाही. आणि दिशा तर खरीच आहे ना?’

दिशा खरीच आहे. पोस्टर उद्या छपाईला जायचंय, आणि त्या उत्तरावर मी अजून काही कळवलेलं नाही.