पाच शब्द आणि निळी ताडपत्री

गेल्या वर्षी जुलैमध्ये घोडबंदर रस्त्यावर, गायमुखजवळ, एका ट्रेलरने आमच्या दुचाकीला धडक दिली. यजमानांचा पाय मोडला. मला मात्र खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, म्हणून मी सुखरूप आहे असेच घरात सगळ्यांनी, आणि मीही, धरून चाललो.

ठाण्यातील एका पतपेढीत मी २२ वर्षे रोजकीर्द सांभाळते आहे. दसऱ्यानंतर ओळखीच्या खातेदारांची नावे ओठांवर येईनाशी झाली, एकच रक्कम मी दोनदा लिहू लागले, आणि एके दिवशी वागळे इस्टेटला जाणाऱ्या बसमध्ये उतरायचे कुठे हेच आठवेना. माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता. तीच वेळ आपल्यावर आली, या भीतीने मी तीन महिने कोणाजवळ काही बोलले नाही. हे माझे चुकलेच.

मेंदूविकारतज्ज्ञांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासले. दोन्ही ठीक होते. मग त्यांनी मला कागदावर घड्याळाचे चित्र काढायला लावले आणि पाच शब्द सांगून काही वेळाने ते विचारले. मला तीनच आठवले, पण थोडी खूण सांगताच उरलेले दोनही आले. शब्द मेंदूत साठले आहेत, ते वर काढणे जड जाते आहे, असे त्यांनी समजावले; अल्झायमरमध्ये अशा खुणेचा सहसा फारसा उपयोग होत नाही. त्यानंतर त्यांनी झोपेची चौकशी केली आणि मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले.

त्या बाईंना मी विचारले, की ट्रेलरवरची निळी ताडपत्री आणि तिची सुटलेली दोरी मला रोज दिसते, मग रुग्णालयात मी कशी पोहोचले हे का आठवत नाही? त्या म्हणाल्या, धोक्याच्या क्षणी मेंदूतला भीतीशी निगडित भाग, अमिग्डाला, समोरची एखादी गोष्ट ठसठशीत कोरते, पण घटनेला स्थळ, काळ आणि क्रम देणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचे काम त्याच वेळी विस्कळीत होऊ शकते. कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक तिथे थेट परिणाम करते. उंदरांच्या मेंदूत अशी संप्रेरके हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन बसतात, हे मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवन यांनी १९६८ मध्येच दाखवले होते.

‘मग माझा हिप्पोकॅम्पस आकसला का?’ या प्रश्नाला त्यांनी घाईने होकार दिला नाही, याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. व्हिएतनाम युद्धातून आलेल्या, आघाताचा तीव्र त्रास असलेल्या सैनिकांमध्ये हा भाग लहान आढळला होता. पण २००२ च्या एका अभ्यासात त्यांच्या, युद्धावर न गेलेल्या, जुळ्या भावांमध्येही तो तसाच लहान निघाला. म्हणजे तो भाग लहान असणे हा आघाताचाच परिणाम असेल असे नाही. तणाव संपल्यावर उंदरांमध्ये आकसलेले चेतातंतू पुन्हा वाढतात, हेही त्यांनी सांगितले, आणि मी त्या वाक्याला धरून राहिले.

उपचार म्हणजे दर आठवड्याला तो प्रसंग क्रमाने, मोठ्याने सांगणे. पहिल्या काही बैठकांनंतर झोप आणखी बिघडली आणि उपचार सोडावेत असेही वाटले. हळूहळू मात्र मी सलग सहा तास झोपू लागले, आणि नावांच्या आधी माझी बेरीज परत आली. मे महिन्यात आम्ही दोघे रिक्षाने गायमुखपर्यंत जाऊन आलो.

अपघातानंतर तिथे मला पाणी कोणी दिले, ते अजून आठवत नाही. ती नोंद बहुधा मेंदूत झालीच नसावी, असे बाई म्हणाल्या, आणि आता मी ती शोधत बसत नाही.