दुसऱ्या भागात हंडा उचलावा लागतो

कुमारांसाठीच्या गुप्तधनाच्या कादंबरीत मोहरांनी भरलेला तांब्याचा हंडा ठरलेला. टोळीतली पोरं तो खड्ड्यातून वर काढतात, झाकण निघतं, मशालीच्या उजेडात सोनं चमकतं आणि पहिला भाग संपतो. आता जरा हिशेब करू. पाण्याचा मध्यम हंडा १५ लिटरचा. सुट्या नाण्यांमध्ये पोकळी राहते, ती ४० टक्के धरली तरी ९ लिटर निव्वळ धातू झाला. मोहरेचं सोनं पाण्याच्या १८ पट जड धरलं, तर वजन १६० किलोच्या वर जातं. सोळा वर्षांची दोन मुलं ते उचलू शकत नाहीत. चौघांनी काठाला धरून उचललंच, तर जुन्या तांब्याचा पत्रा गळ्याशी फाटतो आणि मोहरा पुन्हा मातीत जातात.

पहिल्या भागात वाचक हे माफ करतो, कारण तो शोधाच्या धुंदीत असतो. दुसरा भाग मात्र नेमका इथून सुरू व्हायला हवा. कुमारवयीन वाचकांसाठी ऐतिहासिक अद्भुत कादंबरी लिहिणारे बरेच जण दुसऱ्या भागात आणखी मोठा खजिना, आणखी दुष्ट शत्रू आणि आणखी दोन जादू आणतात. मला ते चुकीचं वाटतं. सापडलेलं धन हलवायचं कसं, लपवायचं कुठे, मोडायचं कुणाकडे आणि ते कुणाचं, एवढ्यात पूर्ण कादंबरी आहे. नागपुरात बसून लिहिणाऱ्याला तर काळही तयार मिळतो.

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला नागपूरचे भोसले आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली. १६ डिसेंबरला नागपूरची दुसरी लढाई झाली, पण भोसल्यांच्या अरब शिपायांनी शहरातला महालाचा भाग डिसेंबर संपेपर्यंत सोडला नाही. राजवाड्यातून काही बाहेर पडायचं तर याच मधल्या दिवसांत. पहिल्या भागाचा शेवट तिथे बसतो. मे १८१८ मध्ये नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि सातपुड्यातल्या महादेवाच्या डोंगरांत गेले. तिथल्या गोंडांनी त्यांना साथ दिली. पुढे ते आसऱ्याला गेले तो अशीरगड किल्ला एप्रिल १८१९ मध्ये पडला. या मे ते एप्रिलमध्ये तुमचा दुसरा भाग. नागपूरच्या गादीवर या काळात तिसरे रघुजी आले, वय दहाच्या आसपास, आणि कारभारात राजघराण्यातल्या बांकाबाई. राजाच वाचकापेक्षा लहान आहे, ही संधी सोडू नका. टोळीतल्या एखाद्या पोराला त्या मुलाविषयी काय वाटतं, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

आता वाहतूक. चांदीचा रुपया साधारण ११ ग्रॅमचा. लाखभर रुपये म्हणजे ११०० किलो. वंजाऱ्यांच्या तांड्यातला लदणीचा बैल १०० ते १२० किलो वाहतो, म्हणजे लाखासाठी दहा बैल. तेच धन मोहरांत असेल तर एका मोहरेला १५-१६ रुपये धरून बैल एक पुरतो. म्हणून टोळी चांदी देऊन सोनं घ्यायला बघणार, आणि तिथेच पहिल्यांदा कुणाच्या तरी नजरेत येणार. पुढची गंमत गोणीत आहे. गोणी धान्यासाठी शिवलेली असते. १०० किलो मोहरांना जेमतेम ९-१० लिटर जागा लागते, म्हणजे गोणी रिकामी दिसते आणि बैल मात्र धापा टाकतो. जकातीच्या चौकीवरचा जुना माणूस गोणीकडे बघत नाही, तो बैलाचे खूर किती रुतलेत ते बघतो. वर मीठ किंवा ज्वारी भरावी तर तेवढं सोनं कमी करावं लागतं. ही खरी अडचण आहे आणि ती सोडवायला कुठलीही जादू वापरू नका.

तांडा दिवसाला १२-१५ किलोमीटर चालतो. नागपूरहून रामटेक तीन-चार मुक्काम. महादेवाचे डोंगर अडीचशे किलोमीटर धरले तर तीन आठवड्यांच्या आसपास, तेही वाट कोरडी असेल तर. मे महिन्यात बैल रात्रीच हाकावे लागतात, दुपारी पन्नास पावलंही जात नाहीत. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की काळ्या मातीत गाडीचं चाक आसापर्यंत जातं आणि गाडीवाट दसऱ्यापर्यंत बंद. कन्हानला पूर आला की डोंगे जोडून पलीकडे जायचं. त्यासाठी धीवर लागतो, आणि पूर उतरेपर्यंत थांबायचं की नाही हा निर्णय त्याचाच असतो, म्होरक्याचा नाही. अशा ठिकाणी टोळीतला शांत पोरगा एकदम महत्त्वाचा होतो. नकाशावर काढलेली सरळ रेघ पावसाळ्यात खोटी ठरते, हे पक्कं डोक्यात ठेवून प्रकरणांच्या तारखा आखा.

पुरण्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे सर्वाधिक चुका होतात. नागपूर दोन प्रकारच्या भूमीच्या सीमेवर आहे. पश्चिमेकडे, अंबाझरी आणि सीताबर्डीकडे, वर पातळ माती आणि खाली मुरूम नि काळा पाषाण. तिथे चार हात खोल खड्डा एका रात्रीत होत नाही. पहार दगडावर वाजते आणि तो आवाज लांब जातो. तिथलं धन बांधकामात लपतं. पायरीच्या दगडाखाली किंवा विहिरीच्या चिऱ्यांमागे. सखल भागातल्या काळ्या मातीत खोदणं सोपं, पण ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की फाटते. डिसेंबरात पुरून वर नांगर फिरवलेला खड्डा जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर खचतो आणि शेतात परातीसारखा खळगा दिसतो. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, त्यात सुटी नाणी उतरतात आणि पुढच्या वर्षी भलत्याच जागी निघतात. म्हणजे पहिल्या भागात हुशारीनं पुरलेलं धन दुसऱ्या भागाच्या सातव्या-आठव्या प्रकरणात स्वतःच जागा दाखवतं. ते टोळीला आधी दिसतं की शेताच्या मालकाला, ते तुम्ही ठरवा.

जुन्या विहिरीत किंवा भुयारात उतरताना दोरीला बांधलेला दिवा आधी खाली सोडायचा. दिवा मंद होऊन विझला तर आत कुणी उतरायचं नाही. तळाशी साचलेली खराब हवा माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही, आणि पहिल्याला वाचवायला गेलेला दुसराही पडतो. कादंबरीत हा प्रसंग घ्याच, पण नियम स्पष्ट दाखवून घ्या.

धन मोडायचा दुसरा मार्ग हुंडी. सराफाकडे रक्कम द्यायची, हुंडणावळ म्हणजे त्याचा मोबदला भरायचा, कागद घेऊन दुसऱ्या शहरात पैसे उचलायचे. बैल नकोत, चौकी नको. पण सराफ ओळखीशिवाय हुंडी लिहीत नाही, आणि अनोळखी नाण्यांवर बट्टा कापतो. पोरांच्या टोळीला जामीन कोण राहणार? इथे एक मोठं माणूस कथेत शिरतं, ज्यावर विश्वास ठेवावा की नाही हे शेवटपर्यंत कळू नये. हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळते, तिला पेठ म्हणतात. तीही हरवली तर परपेठ. एकाच रकमेचे तीन कागद फिरतायत आणि पैसे एकदाच मिळणार, यापेक्षा चांगला पाठलाग मला सुचत नाही.

कागदाचं निघालंच आहे, तर मोडी. बहुतेक कादंबऱ्यांत सांकेतिक भाषा नव्यानं बनवलेली असते. गरज नाही. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आधी ओळभर रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं सलग चालतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. ‘सुत’ म्हणजे मुलगा की ‘सूत’ म्हणजे दोरा, हे संदर्भावरून ठरवायचं. आणि ‘बांधावरतीनखणणे’ असं लिहिलं असेल तर? एक वाचणारा म्हणेल ‘बांधावर तीन खणणे’, दुसरी म्हणेल ‘बांधावरती न खणणे’. तिघांनी तीन खड्डे घेतले आणि तळ्याचा बांध पावसात फुटला, असा अनर्थ एका ओळीतून घडतो. तारखेचंही तसंच. पत्रावर ‘समान अशर मयातैन व अलफ’ असेल तर ते अरबी आकडे आहेत: आठ, दहा, दोनशे, हजार, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणारा सुहूर सन १२१८. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून १२१८ चं पत्र जून १८१७ चंही असू शकतं आणि मे १८१८ चंही. सीताबर्डीच्या लढाईआधीचं की आप्पासाहेब निसटल्यानंतरचं, या प्रश्नावर टोळीत फूट पडू शकते.

चंद्रही तपासा. नोव्हेंबर १८१७ ची अमावास्या ९ तारखेची. म्हणजे २६ ला पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झालेले, संध्याकाळी थोडा वेळ अंधार आणि मग भरपूर चांदणं. त्या रात्री ‘मिट्ट काळोखात’ कुणी पळून जात नाही.

आता अद्भुताचा भाग, आणि इथे मी आग्रही आहे. आपल्याकडे पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाला काजळाचं अंजन घालून पुरलेलं धन दिसतं, असा समज आहे. त्यातून नायिका घडवता येते. पण पहिल्या भागात ठरलेला नियम दुसऱ्यात सैल करू नका. अंजनात फक्त धातू दिसतो असं म्हटलं असेल, तर माणसं दिसायला लागता कामा नयेत. नवी शक्ती देण्याऐवजी जुनीची किंमत वाढवा: प्रत्येक वेळी धन पुरणाऱ्याची शेवटची भीती तिच्या अंगात उतरते आणि जात नाही. शिवाय पायाळू असल्यामुळे लोक तिला कसं वापरायला बघतात, तेही दिसू द्या. बळी दिल्यानं धन मिळतं असं कथेत कुठेही खरं ठरता कामा नये. अशा समजांपायी खऱ्या मुलांचे जीव गेले आहेत, आणि गुप्तधनासाठी केले जाणारे अघोरी प्रकार महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहेत. गोंडांच्या पर्सापेन या देवाला किंवा कचारगडच्या गुहेला खजिन्याचं कुलूप करू नका; ती आजही लोकांची श्रद्धास्थानं आहेत. गोंड मुलगा टोळीत असेल तर तो फक्त वाटाड्या नको. १७०२ च्या सुमारास नागपूर शहर बख्त बुलंद शहा या गोंड राजानं वसवलं. ‘हे धन भोसल्यांचं कसं?’ हा प्रश्न त्यानंच विचारायला हवा.

बाकीच्या चुका पटकन सांगते. १८१८ मध्ये आगपेटी नाही. चकमक, गारगोटी आणि कापूस. ओल्या हवेत कापूस पेट घेत नाही, तो कोरड्या नळीत जपावा लागतो. तोड्याची बंदूक पावसात निकामी, आणि जळत्या तोड्याचा वास लपणाऱ्याला पकडून देतो. कामठीची छावणी १८२१ ची. नागपुरात मिरवणुकीनं निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांपैकी काळी मारबत १८८१ ची, पिवळी १८८५ ची, तेव्हा मिरवणुकीत खजिना पळवायचा मोह आवरा. पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा मात्र चालेल, तो दुसऱ्या रघुजींनी सुरू केल्याची परंपरा सांगतात. पोकळ लाकडी बैलात मोहरा भरायच्या असतील तर दोन लिटरची पोकळी म्हणजे वीस किलोवर वजन. पोरगं तो बैल ओढेल तेव्हा लाकडी चाकं चिखलात रुततील, इतर बैलांची नाहीत.

१८१८ मध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ मध्य भारतातून दक्षिणेकडे पसरत होती. ती गाळलीत तर काळ खोटा वाटेल. टोळीतलं एक माणूस मुक्कामाच्या विहिरीचं पाणी पितं आणि सकाळपर्यंत त्याचे डोळे खोल जातात. तांडा थांबत नाही. त्याला उचलून न्यायचं तर एक बैल मोकळा करावा लागतो, म्हणजे शंभर किलो सोनं वाटेवर सोडायचं, तेही उघड्या माळावर, कारण खड्डा खणायला वेळ नाही. हे प्रकरण घाईनं लिहू नका. कोण गोणी सोडतं, कोण हात लावू देत नाही, आणि गाठ सुटायला किती वेळ लागतो, ते सगळं येऊ द्या.